हुंगणीस आणि कडक कायदा

एका जंगलात सगळं कायद्याने चालत असे, जनावरं तेवढी आपल्या मर्जीने चालत. चैत्रात मोह फुलला की गवासाहेब झाडाखालचा सडा पोटभर खात, झिंगत आणि पाणवठ्याच्या वाटेवर चौखूर उधळत. त्याच वाटेच्या कडेला अनसूया टिटवीचं घरटं होतं. घरटं कसलं, चार खडे आणि चार अंडी. त्यातली तीन अंडी गवासाहेबांच्या एकाच फेरीत गेली.

टिटवी ऊर बडवत दरबारात आली. "महाराज, एकच राहिलंय हो! आठवडाभरात फुटेल. तेवढे दिवस तरी त्यांना आवरा!"

वाघमहाराजांचे डोळे भरून आले. गव्यांच्या कळपात शंभर मतं होती, म्हणून जरा सावकाश आले. "आईचे अश्रू वाया जाणार नाहीत!" ते गरजले. "आजपासून कडक कायदा! मोह खाऊन जो धावेल, त्याची शिंगं घासू!"

तोंडाचा वास घ्यायला हुंगणीस या पदावर अस्वलरावांची नेमणूक झाली. त्यांच्याइतकं तेज नाक जंगलात दुसरं नव्हतं. मोहाची त्यांच्याइतकी आवडही दुसऱ्या कुणाला नव्हती. सकाळी भरपेट मोह खाऊन ते कामावर बसत, गवासाहेबांचं तोंड हुंगत आणि सांगत, "नेहमीचाच वास आहे. जाऊ द्या यांना."

दुसऱ्या दिवशी गवासाहेबांचा खूर अंड्यापासून वीतभर अंतरावर पडला. टिटवी पुन्हा दरबारात.

महाराज चकित झाले. "एवढा कायदा करून एकही सापडत नाही? मग कायदा अजून कडक हवा!" शिंगांऐवजी शेपूट कापायचं ठरलं. तरीही कुणी सापडेना, तेव्हा थेट हद्दपारी आली. वानरांनी फांद्या हलवून घोषणा दिल्या, "कडक कायदा, सर्वांचा फायदा!"

"महाराज, शिक्षा आहे तीच राहू द्या," टिटवी काकुळतीला येऊन म्हणाली. "हुंगणारा तेवढा बदला. ज्याच्या स्वतःच्या तोंडाला मोहाचा वास, त्याला दुसऱ्याचा कसा कळायचा?"

अस्वलरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आधी हिचंच तोंड बघतो," असं म्हणत त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. कपाळाला आठ्या पडल्या. "महाराज, हा वास काही नेहमीचा नाही!"

अखेर गुन्हेगार सापडला. महाराजांनी नगारे वाजवले.

"अहो, मी किडे खाते!" टिटवी किंचाळली.

"नशेत सगळे असंच बरळतात," अस्वलराव समजूतदारपणे म्हणाले.

टिटवीला हद्दीबाहेर काढायला रानडुकरांची तुकडी नेमली. तुकडीने कायद्याचं यश मोहाखाली साजरं केलं आणि डुकरांना शुद्धीवर यायला पाच दिवस लागले. तोवर अंडं फुटलं होतं. टिटवीचं पिल्लू जन्मतःच चालतं, ही देवाची मेहेरबानी. त्याला पुढे घालून अनसूया आपल्या पायांनीच निघाली. पिल्लाने इथे वाढण्यापेक्षा हद्दपारी बरी, असं तिला मनापासून वाटलं.

पावसाळी अधिवेशनात महाराजांनी छाती फुगवून अहवाल वाचला, "कडक कायद्यामुळे मोह खाऊन धावल्याची एकही तक्रार आता येत नाही."

आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.