क्लचवरचा झेंडू

अवजारं बोलायची तेव्हाची गोष्ट. हरबा मिस्त्री लेक मंजुळासाठी भंगारातून गो-कार्ट बांधत होता. खंडेनवमीला अवजारं पुजायची आणि काम बंद, म्हणून त्यानं क्लचवर झेंडू वाहिला आणि म्हणाला, “उद्या तुला बसवतो. मग मंजुळा टेकडी चढेल.”

क्लचला कापरं भरलं. तो शेजारच्या, त्याच्याच जागी बसू शकणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला म्हणाला, “दादा, चढावर मी तापून घसरतो. पोर मागं दरीत जाईल.”

“मग मिस्त्रीला सांग की. मी चढेन सावकाश.”

“सांगितलं तर मला भंगारात टाकतील.”

सकाळी मिस्त्रीनं पाना घेतला आणि क्लच उचलला. क्लच पुटपुटला, “मालक, मला चढाची भीती वाटते.”

मिस्त्रीनं त्याला झेंडूसकट परत फळीवर ठेवलं आणि कन्व्हर्टर बसवला.

मंजुळा टेकडी चढून परत येईपर्यंत क्लचवरचा झेंडू थरथरत होता.