बिनखड्याची गोफण

“मग पाप कशात आहे, अप्पाजी? दाणा जाळण्यात, की विकण्यात?”

संगाप्पाने हे तिसऱ्यांदा विचारलं. मठाचे म्हातारे स्वामी अप्पाजी पायरीवर बसून ज्वारी निवडत होते. त्यांनी एक खडा बाजूला टाकला.

संगाप्पा काही ऐरागैरा नव्हता. त्याच्या दोनशे एकरांतला मका इथेनॉलच्या कारखान्यात जायचा आणि तिथून गाड्यांच्या पेट्रोलात. त्याचं बघून सगळ्या गावाने ज्वारी सोडली होती. आता मठाचं बारा एकर रान तेवढं उरलं. तेही संगाप्पाच कसायचा, आणि तिथल्या ज्वारीवर मठात रोज येईल त्याची पंगत उठायची.

खरिपाचा मका अजून उभा होता आणि रब्बीची पेरणी तोंडावर आली होती. या रानातही मका लावू द्या, पंगतीची ज्वारी मी बाजारातून आणून टाकतो, असं त्याचं म्हणणं. परदेशातून तेल आणण्यापेक्षा हे काय वाईट, हेही त्याने ऐकवलं. बोलणं खोटं नव्हतं, पण रान मठाचं, म्हणून त्याला अप्पाजींचा होकार हवा होता.



अप्पाजी उठले. आतून गोफण आणून त्यांनी त्याच्या हातात दिली.

“तुझ्या मक्यात जा. माळ्यावर चढ आणि पाखरं राख.”

संगाप्पाला हसू आलं. कारखान्याच्या पिकाची राखण त्याने कधी केलीच नव्हती. पण गुरूचा शब्द मोडवेना. भर दुपारी तो बांधावरच्या जुन्या, मोडकळीला आलेल्या राखणीच्या माळ्यावर चढला.

त्या मुलखात राखणीची पहिली गोफण बिनखड्याची मारतात. नुसता फटका काढायचा. पाखराने पहिला घास घ्यावा आणि मग उडावं, असा रिवाज. त्याने तशीच मारली.

फटक्याचा आवाज सगळं शिवार फिरून आला. एक पाखरू उडालं नाही.

…

तेव्हा त्याला ऐकू आलं. पिकात कोणीतरी दाणे चावत होतं.

वारा नव्हता, पान हलत नव्हतं. कचकच आधी एका अंगाने आली, मग चहूकडून. सावकाश, उपाशी माणूस जपून खातो तशी. संगाप्पाने गोफणीत खडा घातला आणि भिरकावला.

आवाज थांबला… आणि माळ्याखालीच सुरू झाला.

खोटं कशाला सांगा, गड्याची बोबडी वळली. तो खाली उतरला आणि हाताला लागलं ते कणीस सोललं. दाणा न् दाणा जागेवर होता. दुसरं सोललं, तिसरं सोललं. कचकच चालूच होती.

तो धावत मठात आला. अप्पाजी पंगतीसाठी पत्रावळी मांडत होते.

“अप्पाजी, मक्यात कोणीतरी खातंय… आणि कणसं सगळी शाबूत आहेत.”

“म्हणून तर त्यांचं पोट भरत नाही.”

“कोण आहेत ते?”

अप्पाजींनी पुढची पत्रावळ मांडली.

संगाप्पाने हातातली गोफण पायरीवर ठेवली. त्याला भीती वाटत होती आणि लाजही.

“मठाच्या रानात ज्वारीच पेरतो,” तो शेवटी म्हणाला, आणि सुटलो असं त्याला वाटलं.

अप्पाजींनी दारातून लांबवर पसरलेल्या मक्याकडे पाहिलं.

“पेर… पण तिथली एवढी उपाशी पंगत बारा एकरांत कुठं बसवशील?”