ठिणगीचा चिकाचा घास

लाल लाल मुंगी. इवलीशी मुंगी. नाव तिचं ठिणगी. राग नाकावर!

सगुणाकाकूंनी कुरडयांसाठी गहू भिजवले. वाटले. गाळले. पातेलंभर पांढरा चीक झाला. चिकावर फेस. बुडबुड बुडबुड!

काकूंचा नेम होता. चीक शिजला, की पहिला घास मुंगीचा. ठिणगी वाट बघत बसली.

तेवढ्यात जाई आली. जाई म्हणजे काकूंची पुतणी. तिनं झाकण उचललं.

"शी! बुरशी! घाण वास! मी नाही खाणार!"

खण्णकन झाकण टाकलं. नाक धरून पळाली.

झालं! चूल पेटेना. घास मिळेना. ठिणगी लालबुंद झाली. निघाली. धुसफुस धुसफुस, तुरुतुरु.

"काकू, काकू, चीक शिजवा."

"अगं ठिणगे, जाईसाठीच तर हा घाट. जाई खाईल, तर शिजवीन."

धुसफुस धुसफुस, तुरुतुरु.

"जाई, जाई, चीक खा. काकू शिजवेनात, ठिणगीला घास मिळेना!"

"ई! मी नाही जा! वास जाईल, तर खाईन."

धुसफुस धुसफुस, तुरुतुरु.

"वासोबा, वासोबा, बाहेर जा. जाई खाईना, काकू शिजवेनात, ठिणगीला घास मिळेना!"

"जाऊ कसा? मला पाय का आहेत? वारा नेईल, तर जाईन."

ठिणगी फटीतून बाहेर गेली. धुसफुस धुसफुस, तुरुतुरु.

"वाऱ्या, वाऱ्या, आत ये. वास जाईना, जाई खाईना, काकू शिजवेनात, ठिणगीला घास मिळेना!"

"खिडकी उघडेल, तर येईन."

धुसफुस धुसफुस, तुरुतुरु.

"खिडकीबाई, खिडकीबाई, उघड ना. वारा येईना, वास जाईना, जाई खाईना, काकू शिजवेनात, ठिणगीला घास मिळेना!"

"मनीमाऊ टेकून झोपलीय. मनी उठेल, तर उघडीन."

धुसफुस धुसफुस, तुरुतुरु.

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना. खिडकी उघडेना, वारा येईना, वास जाईना, जाई खाईना, काकू शिजवेनात, ठिणगीला घास मिळेना!"

"घुर्रर्र... एवढीशी तू! उठवून दाखव."

"एवढीशी? मी एवढीशी?"

ठिणगी शेपटीवर चढली. करकचून चावली. कडक्!

"म्याँऽऽव!"

मनी उठली, टुणकन! खिडकी उघडली, धाडकन! वारा आला, सूंऽऽ सूंऽऽ! वास गेला, भुर्रकन!

जाईनं नाकावरचा हात काढला. पातेल्यात डोकावली.

"काकू, बुरशी आहे ना?"

"नाही गं सोने. बुरशी हिरवी असते, केसाळ असते. ती आपण टाकूनच देतो. हा फेस. गहू आंबला, की फेस येतो."

"म्हणजे घाण नाही?"

"चाखून बघ की!"

काकूंनी चूल पेटवली. चीक शिजला. रटरट, फदफद! वर तूप. वर साखर.

जाईनं हात पुढे केला.

"थांब!" ठिणगी ओरडली. "शी म्हणालीस ना? आधी माझा!"

काकू हसल्या. पहिला घास ठिणगीपुढे ठेवला. जाईनं हात जोडले. "चुकलं हं, ठिणगीताई."

ठिणगीनं घास खाल्ला. मटमट, मटमट. मग मिशा पुसल्या.

"हं. आता खा!"

जाईनं वाटी चाटूनपुसून खाल्ली.

ठिणगीला तिचा घास पावला. तसा मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांना पावो!