कोरडी ठेवायची जागा

एकदा एक शिष्य फार दमला. वयाने तो पंचेचाळिशीचा, म्हणजे शिष्य म्हणवून घ्यायला जरा थोराडच. पण ज्या वृद्ध मिस्त्रींकडे तो मिसरूड फुटण्याआधी शिकायला आला, त्यांच्यासमोर तो अजूनही शिष्यच होता. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या मोटारी दुरुस्त करणारी जी थोडी गॅरेजे कोल्हापुरात उरली आहेत, त्यांपैकी एकात हे दोघे काम करीत. काम बेताचेच असे. तरीही शिष्य सकाळी उठे तो थकलेलाच. कुणी कारण विचारले, तर त्याला धड सांगता येत नसे.

कारण घरी होते. ते तिघे भाऊ. वडील गेल्यावर तिघांनी आईला महिना-महिना वाटून घेतले. शेत वाटतो, भांडी वाटतो, तशी आईही वाटतो; आपल्याकडे हे इतके सर्रास चालते की त्यात कुणाला वावगे वाटेनासे झाले आहे. एक महिना थोरल्याकडे सांगलीला, एक याच्याकडे, एक धाकट्याकडे इचलकरंजीला. ने-आण करायचे काम मात्र याचेच, कारण हा मधला, आणि मधल्याने कुणाला नाही म्हणायचे नसते अशी त्याची बालपणापासूनची समजूत. आता आईचे गुडघे गेले होते. ‘मला हितंच राहू दे रं,’ असे ती म्हणू लागली होती. जायचा दिवस जवळ आला की तिचे जेवण तुटत असे. येत्या सोमवारी तिला सांगलीला पोहोचवायचे होते, आणि कालपासून तिने चहाखेरीज काही घेतले नव्हते.

त्या शनिवारी एक गुळाचे व्यापारी तणतणत गॅरेजात आले. त्यांच्या वडिलांची काळी जुनी मोटार कुणीतरी दोरीने ओढून मागून आणत होते.

“मागच्या आठवड्यात सर्व्हिसिंग केलंसा न्हवं?” व्यापारी म्हणाले. “पोरंबाळं, पाव्हणे घेऊन पन्हाळ्याला निघालो, तर चढाला बंद. ढकलत बसलो सगळ्यांदेखत.”

शिष्याने हात जोडले. शेठ, तुमचं अगदी बरोबर आहे, म्हणाला. हल्ली पेट्रोलच चांगलं येत नाही, म्हणाला. घाटही तसा अवघडच, म्हणाला. बसा, चहा सांगतो, म्हणाला. तो जसजसा बोलत गेला, तसतसा व्यापाऱ्यांचा पारा चढत गेला.

वृद्ध मिस्त्री आतून आले. “चूक आमची हाय,” ते म्हणाले. “सांजच्याला या, गाडी चालू करून देतो.”

व्यापाऱ्यांचा चढलेला पारा उतरला. ते निघून गेले.

अशा गाड्यांत इंजिनाच्या कुशीला डिस्ट्रिब्युटर नावाचा वाटीएवढा डबा असतो. त्याच्या आत एक दांडा फिरतो. फिरता फिरता तो दोन चिमुकले पॉइंट उघडतो आणि मिटतो, आणि त्या उघडझापीवरच प्रत्येक प्लगला आपापल्या वेळी ठिणगी मिळते. मिस्त्रींनी डब्याचे झाकण काढले. आत सगळे तेलाने लखलखत होते. पॉइंटच्या तोंडांवर मात्र जळक्या तेलाची काळी पुटे चढली होती. हे काम कुणाच्या हातचे आहे, हे विचारायची गरज नव्हती.

तेवढ्यात शिष्याचा फोन वाजला. सांगलीचा थोरला भाऊ होता. “व्हय दादा, सोमवारी आणतो की. आई मजेत हाय. तुझ्याकडं यायचं म्हणून खूश हाय,” शिष्य म्हणाला. फोन ठेवतो न ठेवतो तोच घरून आईचा आला. “आई, एवढ्या खेपेला जा. पुढल्या महिन्यात बघू काहीतरी. दादा किती आठवण काढतोय तुझी,” तो म्हणाला. मग फोन खिशात टाकून तो गाडीच्या चाकाला टेकून बसला आणि त्याने डोळे मिटले.

मिस्त्रींनी हे ऐकले. शिष्याचा ऑइलकॅन त्यांनी उचलला. तो काठोकाठ भरलेला होता, कारण शिष्य मन लावून काम करणारा होता. तो घेऊन ते फाटकाशी गेले आणि बिजागऱ्यांवर तेल ओतले. मग कडीवर ओतले. मग बाहेर उभ्या असलेल्या हातगाडीच्या आसावर ओतले, इतके की तेल खाली मातीत गळू लागले. चांगले नवे तेल असे वाया जाताना पाहून शिष्य उठून उभा राहिला. म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर आहे ना, अशी शंका त्याला आली, आणि ती आल्याबद्दल लगेच वाईटही वाटले.

“धर,” परत येऊन मिस्त्री म्हणाले. “आता कर सर्व्हिसिंग.”

“वस्ताद, तेल कुठं ऱ्हायलंय ह्यात?”

“हाय. बूड दाब.”

आधी त्यांनी त्याच्याकडून डबा पेट्रोलच्या फडक्याने पुसून घेतला. पॉइंटची तोंडे घासून स्वच्छ करून घेतली आणि त्यांच्यामधून कोरा पुठ्ठा फिरवून घेतला. मग शिष्याने ऑइलकॅनचे बूड दाबले. नळीच्या टोकाशी एक थेंब जमला. दांड्याच्या डोक्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, बारीक तुकडा असतो, तो थेंब त्याने त्यावर सोडला. दुसरा थेंब ज्या खिळीवर पॉइंट हलतो तिच्यावर. तिसरा काही आला नाही. दांड्याच्या ज्या कोपऱ्यांनी पॉइंट उघडतात त्यांना काडीच्या टोकाने ग्रीसचा पुसट हात दिला. झाकण बसवले, गाडी सुरू केली, आणि तिचा आवाज एका लयीत येऊ लागला.

मिस्त्री स्टुलावर बसले. वयामुळे त्यांना आता फार बोलायचे कष्ट होत.

“दौलू, आळशी माणूस तेल घालत न्हाई. त्याचा दांडा झिजतो, ते सगळ्यांना दिसतं. तुझं तसं न्हाई. कुठं घासू ने, कुठं कुरकुर होऊ ने, म्हणून तू एवढं वतलंस की ते उडून पॉइंटवर बसलं. दांडा मजेत फिरतोय, पॉइंट उघडझाप करत्यात, कसला आवाज न्हाई. नुसती ठिणगी तेवढी पडंना. सपाटीला कुणाला कळत बी न्हाई ते. चढाला कळतं.”

शिष्याने फडके उचलून पुन्हा हात पुसले.

“जिथं घासतंय तिथं थेंबभर लागतंयच. पण ठिणगीची जागा कोरडीच ठेवायची. मघाशी तू दोघांशी बोललास. भावाला गोड, आईला गोड. खरं काय ते भाऊ, आई नि तू, तिघांत कुणाला ठावं हाय का? दमशील न्हाई तर काय.”

“खरं बोललो तर घर तुटंल, वस्ताद.”

“असंल. मी काय द्येव न्हवं सांगायला,” मिस्त्री म्हणाले. “पर तेलानं काय जुळत न्हाई रं. नुसतं घसरतंय.”

शिष्याला राग आला. ज्याच्या घरात पेच नाही त्याला बोलायला काय जाते, असे मनात आले. संध्याकाळी व्यापारी गाडी घेऊन गेले. तो राग घरी जाईपर्यंत टिकला, आणि आईचे झाकून ठेवलेले ताट पाहिल्यावर ओसरला. तिला फिरवत ठेवणाऱ्या त्या महिन्याच्या वाटणीला आपणच इतकी वर्षे वंगण घालत आलो, हे त्याला त्या ताटाकडे पाहताना कळले, आणि त्याला मनापासून लाज वाटली.

रविवारी सकाळी, आई ऐकत असताना, त्याने सांगलीला फोन लावला.

“दादा, आई सोमवारी येणार न्हाई. आता हितंच ऱ्हाईल. तिला ही ने-आण झेपत न्हाई. ती खूश न्हवती कधी, मी खोटं सांगत होतो.”

पलीकडे थोरला मोठ्याने बोलू लागला. मला न विचारता ठरवणारा तू कोण, आम्ही काय तिला उपाशी ठेवत होतो, चार लोक काय म्हणतील, तिकडं येऊनच बघतो. शिष्याने मध्ये एकदाही सारवासारव केली नाही. शेवटी पलीकडून फोन आपटला गेला.

“काय म्हणाला?” आईने विचारले.

आनंदाने हो म्हणाला, हे वाक्य सवयीने त्याच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्याने गिळले. “रागावलाय,” तो म्हणाला. “हिकडं येऊन बघतो म्हणाला.”

आईने पदर सावरला आणि बसल्या जागेवरून स्वयंपाकघराकडे पाहिले. “येऊ दे भांडायला,” ती म्हणाली. “तू मला पोचवतोस, तू आणतोस, म्हणून त्यो ह्या घरात किती वर्सं आलाच न्हाई. भांडायला तरी यील. त्याला भरली वांगी आवडत्यात.”

शिष्य उठला, चपला घातल्या आणि वांगी आणायला मंडईत गेला.