नावेतलं पहिलं पाऊल

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कोणाला सांगता येत नाही. तिथे नदीच्या एका काठावर विणकरांचं गाव होतं आणि पलीकडच्या काठावर नेत्रशाळा. लहान मूल असो की म्हातारं माणूस, डोळ्यांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तिथले वैद्य तपासत.

गावातल्या एका घरात नवी सून आली. ती बोले कमी आणि बघे जास्त. त्या घराचा एक नेम होता: थोरल्यांच्या आधी धाकट्यांनी काही करायचं नाही. पहिला घास सासूबाईंचा, नावेत पहिलं पाऊल सासूबाईंचं, वैद्यांकडेही आधी सासूबाई.

घरात थोरल्या दिरांची सहा वर्षांची लेक होती. पाणी ओतायला सांगितलं, की ती पेल्याच्या शेजारी ओते. कोणाकडे बघायचं तर मान वाकडी करून बघे. सगळे तिला धांदरट म्हणत. सुनेला मात्र वाटे, धांदरट माणूस रोज वेगळ्या जागी सांडतं; ही रोज त्याच बाजूला सांडते.

एके दिवशी सून म्हणाली, “आत्याबाई, पोरीला नेत्रशाळेत दाखवून आणू का?”

“माझ्या आधी?” सासूबाईंनी हातातला धोटा थांबवला.

“मग तुम्हीही चला.”

“मी कशाला? माझे डोळे ठणठणीत आहेत. लुगड्याच्या काठावरचे मोर अजून मीच विणते.”

मोर सासूबाई बोटांच्या सवयीने विणत, हे सुनेने केव्हाच ओळखलं होतं. परवाच त्यांनी दोरीवर वाळणाऱ्या धोतराला “या, बसा” म्हटलं होतं. धोतर बसलं नाही म्हणून रागावल्याही होत्या. पण हे तोंडावर कसं सांगायचं?

सासूबाई जाईनात, म्हणून पोरीला जाता येईना. असे सहा महिने गेले. शेवटी सुनेने नावाड्याकरवी वैद्यांना विचारलं. उलट निरोप आला: “मुलाचा डोळा आळसावला असेल, तर लवकर आणा. मोठेपणी आणलंत, तर आमच्याही हातात फारसं काही उरणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सुनेने पोरीला सासूबाईंसमोर बसवलं आणि पदराने तिचा डावा डोळा झाकला.

“आजी दिसते?”

“हो की! सुपारी कातरतेय.”

मग तिने उजवा डोळा झाकला. पोर दचकली. “काकू, सोड ना! आजी कुठे गेली?”

“अगं, इथेच तर बसलेय,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही दिसत, आजी. नुसतं धुकं धुकं दिसतंय.”

सासूबाईंच्या हातातला अडकित्ता थबकला. ते धुकं त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

“तुलासुद्धा?” त्यांच्या तोंडून निसटलं.

सुनेने ऐकलंच नाही असं दाखवलं आणि गाठोडं बांधायला घेतलं.

सकाळी नावेत पहिलं पाऊल सासूबाईंनीच ठेवलं.

वैद्यांनी दोघींना तपासलं. “आजीबाई, तुमचा मोतीबिंदू आणखी थोडा थांबला असता. हिचा डोळा थांबणारा नव्हता. इतका उशीर का केलात?”

“वाटेत मी बसले होते,” सासूबाई खाली बघत म्हणाल्या.

वैद्यांनी पोरीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली. ती रडून म्हणाली, “बघणारा डोळा का झाकता?”

“म्हणजे आळशी डोळा कामाला लागेल.”

सासूबाईंचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली तेव्हा समोर सून उभी होती.

“अगं, तुझ्या हनुवटीवर तीळ आहे!”

“लग्नातही होता, आत्याबाई.”

सासूबाई हसल्या, मग पट्टी बांधलेल्या नातीला त्यांनी जवळ घेतलं.

वर्षभर पट्टी बांधून पोरीचा डोळा पुष्कळ सुधारला, पण पुरता नाही. बारीक नक्षी विणताना तिला जन्मभर उजव्याच डोळ्यावर भिस्त ठेवावी लागली. गेलेले सहा महिने काही परत आले नाहीत.

त्या घरात पहिला घास पुढेही थोरल्यांचाच राहिला. नेत्रशाळेच्या नावेत मात्र त्यानंतर सासूबाई नातीला पुढे करत आणि मग स्वतः चढत.

तात्पर्य: मान थोरल्यांना आधी द्यावा, पण उपचार त्याला आधी द्यावा, ज्याची वेळ निघून चालली आहे.