सोळा आण्यांचा शाप

एका राज्यात शरद ऋतू यायचा थांबला. पंचांगात आश्विन येई, कार्तिक येई. आभाळात मात्र भाद्रपदच. ढग डोंगरावर येऊन बसत आणि लोचट पाहुण्यासारखे उठायचे नावच घेत नसत. डोंगरपट्ट्यात भाताच्या लोंब्यांना उभ्यानेच मोड फुटत. पठारावर कपाशीची बोंडे उमलण्याआधी काळी पडत. आणि सखल काळ्या रानात, जिथे रब्बीची शाळू ज्वारी पेरायची, तिथली माती वाफशाला येत नसे. माती मुठीत वळावी, बोट लावताच ढेकूळ भुसभुशीत फुटावे, तो वाफसा. त्यावाचून पेरणीची पाभर चालत नाही. इथे मूठ वळली की हाती चिखल येई. अशी तीन वर्षे गेली.

त्या काळ्या रानात काळवट नावाचे गाव होते. गावाचे शाळूचे बियाणे राखायचे काम तुंगाकडे होते. तीन मडक्यांत, राखेत घोळून, वर कडुनिंबाचा पाला घालून तिने ते ठेवले होते. असे वाण जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. दरवर्षी हस्त नक्षत्र लागले की ती दहा दाणे ओल्या फडक्यात बांधी आणि किती उठतात ते पाही. पहिल्या वर्षी नऊ उठले. दुसऱ्या वर्षी सहा. यंदा तीन.

म्हातारा सोनबा दारात उभा होता. "तुंगे, किती आले गं?"

"सात," तुंगा म्हणाली.

"सात! मग काय मरतंय गाव!" सोनबा हसत हसत सांगायला गेला. त्या हसण्यासाठीच तर ती खोटे बोलली होती. पण फडक्यातले तीन कोंब तिच्याकडे बघत होते. यंदा पेरणी हुकली, तर पुढच्या साली एकही दाणा उठणार नव्हता.

इतक्यात भिंतीवर एक खंजन पक्षी येऊन बसला आणि शेपटी खालीवर हलवीत बोलू लागला.

"बाई, शरद घेऊन येणारा पक्षी म्हणून माझी ख्याती. तीन वर्षं मी येतो आणि शरद येत नाही. जातभाईंत तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"शरद गेला कुठं?"

"जाईल कुठं? तुमच्या राजानं देऊन टाकला."

मग खंजनाने सांगितले ते असे. आश्विनाच्या पहिल्या दिवशी दरबारात पिकाचा अंदाज सांगायची रीत होती. प्रधान मंजुघोष महालाच्या गच्चीवर जाई, चारी दिशांना हिरवे दिसते एवढे बघे आणि खाली येऊन म्हणे, "सोळा आणे!" सारा दरबार म्हणे, "सोळा आणे!" एका वर्षी अभ्रनाथ जादूगार तिथे आला. म्हणाला, "महाराज, कापणीआधीच पीक सोळा आणे? मग शरदाला काम काय उरलं? जे लागत नाही, ते मला द्या." राजा धवलकेतूला ठाऊक होते की लागते. पण उणे आहे असे भर दरबारात कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याने शरद देऊन टाकला.

"आता तो अभ्रगडावर आहे," खंजन म्हणाला. "तीन दरवाजे, तीन ठेवी. निघतेस, की मुहूर्त बघायचाय?"

तुंगाने फडके कमरेला बांधले आणि ती निघाली. डोंगरपट्टा ओलांडला, पठार तुडवले. वाटेत ती प्रत्येक बांधावर थांबली, लोंब्या चुरडून पाहिल्या, बोंडे फोडून पाहिली.

अभ्रगडाच्या पायथ्याशी, शरद परत आणायला धाडलेले राजाचे तीन दूत बसले होते. तिघांच्या तोंडात जिभेऐवजी चिखल होता, आणि त्या चिखलातूनही ते बरळत होते, "ह्होळा... ह्होळा..."

पहिल्या दरवाजावर पितळी हत्ती होता. "डोंगरातला भात किती?"

"पाच आणे," तुंगा म्हणाली. "त्यातलाही एक आणा कुबट."

हत्ती बाजूला झाला. आत तांब्याच्या घागरीत आश्विनाचे ऊन होते.

दुसऱ्या दरवाजावर म्हशीएवढी, आठ पायांची कोळीण जाळे विणीत बसली होती. "पठारावरची कपाशी किती?"

"दोन आणे. तीही पिवळी."

कोळिणीने जाळे उचलले. आत वेळूच्या नळीत उत्तरेचा कोरडा वारा होता.

तिसऱ्या दरवाजावर दगडाचा बैल होता. "काळवटचा शाळू किती?"

"पेरणीच नाही. काहीच नाही."

बैल हलला नाही. "अर्धंच बोललीस. बियाणं किती?"

तुंगाची जीभ जड झाली. ओठांवर मातीची चव आली. सात म्हणावे असे तिला फार वाटले. सोनबाचे हसू तिला आठवले. मग मागे बरळणारे दूत ऐकू आले.

"दहात तीन," ती ओरडली. "गावाला मी सात सांगितलं. तीनच आहेत!"

बैल उठला. आत चांदीच्या डबीत कार्तिकातले दव होते.

तिन्ही ठेवी घेऊन ती वळली, तर वाटेत अभ्रनाथ उभा. तो हसला. "खुशाल ने. झाकणं उघडायची नाहीत. ज्या जिभेनं दिलं, त्याच जिभेनं परत मागावं लागेल. आणि तुमच्या राजाची जीभ मी चांगली ओळखतो."

ती दरबारात पोहोचली, तेव्हा स्वाती नक्षत्राचे पाच दिवस उरले होते. स्वाती सरली की पेरणीही सरली. तिने तिन्ही ठेवी सिंहासनापुढे मांडल्या आणि वाटेत पाहिलेले पीक आण्यांत सांगितले.

"महाराज, राज्यात पीक किती आहे ते आता तुम्ही बोला आणि शरद परत मागा. एवढंच करायचंय."

"सोळा आणे!" दरबार सवयीने गर्जला.

"प्रधानजी," खंजन खांबावरून म्हणाला, "घागरीवर हात ठेवून म्हणा की."

मंजुघोषाने ऐटीत हात ठेवला. "सोळा..." पुढचे शब्द चिखल होऊन त्याच्या दाढीवरून ओघळले.

तुंगाने कमरेचे फडके सोडून राजापुढे धरले.

"मोजा महाराज."

राजाने बोटाने मोजले. "दहा दाणे. कोंब तीन."

"मी गावाला सात सांगितलं होतं."

"हे कबूल कोणापुढं केलंस?"

"दगडाच्या बैलापुढं. माणसांपुढं अजून व्हायचंय."

"मग माणसांपुढं आधी मी," राजा म्हणाला. तो सिंहासनावरून उतरला आणि त्याने घागरीवर हात ठेवला. "डोंगरात पाच आणे आहेत. पठारावर दोन. काळ्या रानात काहीच नाही. माझ्या राज्याला उणं आहे. मला माझा शरद परत हवा!"

घागरीचे आणि नळीचे झाकण उडाले; डबीचे नुसते सैल झाले. ऊन घागरीतून उसळून छताला भिडले आणि खिडक्यांतून बाहेर पडले. मागोमाग वारा सुटला; त्याने डोंगरावरचे ढग मानगुटीला धरून उठवले. त्याच ढगांबरोबर अभ्रनाथही समुद्रापार वाहून गेला. तिन्ही दूतांनी चिखल थुंकला आणि आधी पाणी मागितले. दवाची डबी राजाने तुंगाच्या हाती दिली. "ही पेरणीनंतर उघड," तो म्हणाला, आणि स्वतः तिच्याबरोबर अनवाणी निघाला.

चौथ्या दिवशी काळवटच्या रानात तुंगाने मूठ वळली. ढेकूळ बोटाखाली भुसभुशीत फुटले.

पाभर जुंपलेली होती, गाव जमले होते. तुंगा म्हणाली, "सोनबाकाका, मी खोटं बोलले. सात नाही, तीनच उगवतात."

सोनबाने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "अगं, सातच्या भरवशावर पातळ पेरलं असतं, तर रान उघडंच पडलं असतं!"

"म्हणूनच सांगते. ज्याचं त्याचं शेत पुढल्या साली. यंदा साऱ्या गावाचं एकच शेत, आणि तिप्पट दाट."

तुंगाने पाभरीच्या चाड्यावर बियाण्याची मूठ धरली. बैल राजाने हाकले, आणि त्याची तासे, म्हणजे पेरणीच्या ओळी, वाकडी गेल्याबद्दल सोनबाने त्याला भर रानात झापले. स्वातीच्या शेवटच्या सूर्याबरोबर पेरणी पुरी झाली. मग तुंगाने डबी उघडली.

आठव्या सकाळी दवाने भिजलेल्या रानात शाळूच्या हिरव्या ओळी उभ्या होत्या. एकही तास रिकामे नव्हते. गाव बांधावर नाचले. खंजन प्रत्येक ओळीवरून शेपटी हलवीत धावला, जणू सारे त्यानेच उगवले होते.

तेव्हापासून त्या राज्यात आश्विनाच्या पहिल्या दिवशी राजा आधी शेतांतून चालतो. मग दरबारात ओले फडके उघडतो आणि कोंब स्वतः मोजतो. जेवढे असतील तेवढेच म्हणतो, आणि दरबार तेवढेच म्हणतो. शरद दरवर्षी वेळेवर येतो.

जे शेतात असेल तेच जिभेवर येवो. ही कथा इथे वाफशाला आली; ज्याला पेरायची, त्याने पेरावी.