पडलेली खेप

कार्तिक वद्य पंचमी. पहाटेपासून दाट धुके, वारा अजिबात नाही, ऊन चढेपर्यंत समोरचा डोंगर दिसला नव्हता. फार पूर्वीच्या काळी, अशा एका सकाळी, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या भोयांच्या वाडीत हरबा भोयाच्या पायाच्या कामट्या सोडल्या गेल्या.

श्रावणात घाटातल्या एका निसरड्या दगडावरून हरबा पडला होता आणि त्याच्या उजव्या मांडीचे हाड मोडले होते. हाडे बसवणारी एक म्हातारी वाडीत होती. तिला सगळे मावशी म्हणत. तिनेच हाड बसवले होते, आणि आज तिनेच बांबूच्या कामट्या सोडून कापड उलगडले. हरबाने आपल्या पायाकडे पाहिले आणि पटकन धोतर खाली ओढले. एक पाय भोयाचा होता, दुसरा एखाद्या पोराचा वाटत होता.

"हाड बसलंय," मावशी म्हणाली. "मांस मात्र गेलंय. ते परत आणायचं काम माझं नाही, तुझं."

हरबाला ते लवकर परत हवे होते. त्याची एकुलती एक लेक साळू हिचे लग्न ठरले होते. फाल्गुनात ती घाटापलीकडच्या गावी सासरी जायची होती.

त्या वाडीची एक रीत होती. भोई वर्षभर दुसऱ्यांच्या लेकी डोलीत बसवून घाट चढायचे. स्वतःची लेक मात्र आयुष्यात एकदाच खांद्यावर घ्यायची, ती सासरी निघते त्या दिवशी. त्या दिवशी डोलीच्या दांडीचे मागचे टोक बापाच्या खांद्यावर असे. चढावर सगळा भार मागच्याच्या अंगावर येतो, म्हणून ती जागा बापाची. बाप नसेल तर चुलत्याची.

हरबाने अशा कितीतरी बापांच्या पुढे दांडी धरली होती. मागे वळून पाहायची भोयाला मुभा नसते, पण त्यांचे श्वास त्याने ऐकले होते. साळू रांगत होती तेव्हापासून तो त्या दिवसाची वाट पाहत होता.

भोयांचा म्होरक्या संध्याकाळी येऊन ओट्यावर बसला. तो हरबाचा जुना जोडीदार होता.

"हरबा, लेक तुझी आहे, मान तुझा आहे," तो म्हणाला. "पण दांडीखाली आणखी तीन खांदे असतात. तू घसरलास तर चौघे घसरतील, आणि आत पोर बसलेली असेल. लग्नाआधी एकदा डोलीत धान्याची पोती घालू आणि घाट चढू. चढलास तर दांडी तुझी. नाहीतर येसूची."

येसू म्हणजे हरबाचा धाकटा भाऊ. तो खाली मान घालून सुपारी कातरत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मावशीने हरबाला रोजचा व्यायाम घालून दिला. सकाळी उठल्यावर उंबरठ्याशी चौकट धरून बैठका, घाम फुटेपर्यंत. मग खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन ओट्याची पायरी चढायची, उतरायची, परत चढायची, दम लागेपर्यंत. शेवटी दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहायचे. किती वेळ? तर बायको जात्यावर दळायला बसते, तिची एक ओवी म्हणून संपेपर्यंत.

"आणि जमायला लागलं की?" हरबाने विचारले.

"की दोन ओव्या."

व्यायाम सोपा नव्हता. पहिल्या सकाळी बैठकीत खाली गेलेला हरबा वर येईना. चौकट धरून तो तसाच बसून राहिला. साळूने मागून धरून उठवले. पायरीवर पाय थरथरायचा. आणि एका पायावर उभे राहणे तर फारच अवघड. उचललेला पाय जमिनीवर टेकला की जाते थांबायचे आणि बायको गालातल्या गालात हसायची.

"आज ओवी लांबवलीस की काय गं?" तो धापा टाकत विचारायचा.

"ओवी होती तेवढीच आहे. तुमचा पाय आखूड झालाय."

तरी तो रोज करत होता. मार्गशीर्ष उजाडला. बोचरी थंडी पडली. हळूहळू ओवी संपेपर्यंत पाय वर राहू लागला. मांडीला पुन्हा आकार येऊ लागला. शेजारीपाजारी म्हणू लागले, "हरबा आता चढतोय बघा."

आणि मग मुहूर्त पक्का करायला व्याही आले.

व्याही, विहीण आणि त्यांचे दोन भाऊ. आठवडाभर राहिले. घर छोटे, ओटा एकच. सकाळी व्याही ओट्यावर दात घासत बसलेले असत आणि त्यांच्या तोंडासमोर उंबरठ्याशी चौकट धरून बैठका काढायच्या, हे हरबाला कसेतरीच वाटले. लेकीच्या सासऱ्याने काय म्हणावे? ज्याच्या पायात उभे राहायची ताकद नाही त्याच्या घरची सोयरीक केली म्हणावे? त्याने व्यायाम केला नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, पाहुणे असेपर्यंतचे सगळे दिवस गेले.

पाहुणे वेशीबाहेर पडले त्याच सकाळी हरबाने खांद्यावर वाळूची पिशवी घेतली.

भोयांचा एक कडक नियम होता. ज्याची खेप पडली, म्हणजे जो ठरल्या दिवशी ओझे न्यायला आला नाही, त्याने ती खेप नंतर भरून द्यायची. आजारी असो, घरात मयत झालेली असो, पडलेली खेप भरायचीच. हरबाने उभ्या आयुष्यात एकही खेप अंगावर ठेवली नव्हती. वाडीत त्याचे नाव होते ते त्यामुळेच.

तेव्हा चुकलेल्या सगळ्या सकाळींचा व्यायाम त्याने त्या एका सकाळी करायला घेतला. बैठका झाल्या, पुन्हा बैठका झाल्या. पायरी चढला, उतरला, बसला, पुन्हा चढला. बायकोचे दळण संपले, तिने पीठ भरले, जाते झाकले. हा अजून पायरीवर.

"अहो, पुरे आता."

"अजून दोन सकाळी उरल्यात."

दुपारपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. रात्रभर पाय ठणकला. नंतर कितीतरी दिवस त्याला पाय जमिनीवर टेकवता आला नाही. पडल्या पडल्या तो मनात मोजत होता. हेही दिवस पडले. तेही दिवस पडले. आता एवढे भरायचे. सूज उतरली तसा तो पुन्हा उठला आणि पुन्हा दुप्पट करायला गेला. पुन्हा गुडघा धरला.

पौषाच्या शेवटी त्याने पिशवीतली वाळू अंगणात ओतून टाकली. मावशीला काही सांगितले नाही. येसू आला तेव्हा म्हणाला, "मागची दांडी तू धर रे. माझ्याकडून आता हे भरून निघायचं नाही."

येसूने रिकामी पिशवी उचलून खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "दादा, दांडी धरीन मी. पण साळूला तू सांग. मी सांगणार नाही."

हरबाने साळूला सांगितले नाही. ती समोर आली की तो काहीतरी काम काढून उठायचा आणि लंगडत परसात जायचा. साळूला कळायचे ते कळले. आता ती डोलीचा विषयच काढेनाशी झाली.

शेवटी बायकोने मावशीला बोलावून आणले. मावशीने गुडघा दाबून पाहिला आणि विचारले, "काय केलंस?"

"पडलेल्या खेपा भरत होतो."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं मावशी? भोयांचा नियमच आहे."

"नियम चांगला आहे," मावशी म्हणाली. "तू खेपेला गेला नाहीस तर ओझं कुठे असतं?"

"त्याच गावात पडून असतं."

"म्हणून ते दुसऱ्या दिवशी न्यावं लागतं. बरोबर. आता मला सांग, तू बैठका काढल्या नाहीस त्या दिवसाचं ओझं कुठे पडून आहे? दाखव मला. आपण दोघं जाऊन आणू."

हरबाने सुजलेला पाय जवळ ओढून घेतला.

"काल जेवला नाहीस म्हणून आज दुप्पट भाकरी खाल्ल्यास, तर कालची भूक भागते का? पोटच दुखतं."

"मग चुकलेले दिवस?"

"गेले."

"असेच?"

"असेच."

मावशी निघून गेली. हरबाला बैठकांपेक्षा हे जड वाटत होते. ज्याने जन्मात कोणाची खेप बुडवली नाही, त्याने एवढे दिवस नुसते सोडून द्यायचे? कोणी विचारणार नाही, कोणी मागणार नाही, म्हणून सोडून द्यायचे? त्याला ती लबाडी वाटत होती. पण त्याने हेही पाहिले होते, की जितके त्याने भरायला घेतले तितके जास्तच पडत गेले होते. भरण्याच्या नादात पाहुणे गेल्यापासून त्याने धड पंधरवडाभरही व्यायाम केला नव्हता.

संध्याकाळी त्याने अंगणातली वाळू पुन्हा पिशवीत भरली. अर्धीच.

दुसऱ्या सकाळी त्याने फक्त त्या दिवसाचे केले. बैठका थोड्याच झाल्या. ओवी अर्धी झाली आणि पाय टेकला. बायको हसली नाही. तिने पुढची ओवी धरली आणि दळत राहिली. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने त्या दिवसाचे केले. माघ लागला. थंडी ओसरली. पिशवी हळूहळू पूर्वीएवढी भरली.

पोती घालून घाट चढायचे ठरले होते त्याच्या दोन दिवस आधी वाडीतला एक म्हातारा भोई वारला. हरबा पहाटेपासून तिकडे होता. तिरडी बांधली, खांदा दिला, नदीवरून परत यायला दिवस मावळला. त्या दिवशीचा व्यायाम झाला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो उंबरठ्याशी आला. उद्या घाट. आज थोडे जास्त केले तर? कालचे एवढे एकच तर होते. एकाने काय होणार? पाय आणखी मागत होता, हात चौकटीवर होता. बायको दळायची थांबून त्याच्याकडे पाहत होती.

त्याने रोजच्याएवढ्या बैठका काढल्या, पायरी चढला-उतरला, ओव्या होईपर्यंत पायावर उभा राहिला आणि चौकट सोडली.

"झालं?" बायकोने विचारले.

"झालं."

"आणि कालचं?"

"कालचं काल होतं," तो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी चौघांनी पोती घातलेली डोली उचलली. पुढे म्होरक्या आणि त्याचा मुलगा, मागे आणखी एक भोई आणि त्याच्या मागे, शेवटच्या टोकाला हरबा. मागच्यांना वाट दिसत नाही, म्हणून पुढचा ओरडून सांगतो आणि मागचे तेच शब्द परत देतात.

"डावीकडे खळगा!"

"खळगा!"

"दगड हलता!"

"हलता!"

खिंडीपर्यंत हरबाचा आवाज एकदाही अडखळला नाही. पण खिंड ओलांडून पलीकडचा उतार लागला तसा गुडघा लटपटू लागला. उतारावर मागच्यावर भार कमी असतो, पण प्रत्येक पाऊल गुडघ्यावर झेलावे लागते. डोली एकदा डोलली, पुन्हा डोलली. म्होरक्याने ती खाली ठेवायला लावली. तो हरबासमोर येऊन बसला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा थरथरत होता आणि ते दोघांनाही कळत होते.

"आणखी महिनाभर मिळाला असता तर उतरलोही असतो," हरबा म्हणाला.

"असतास," म्होरक्या म्हणाला. "पण लग्न पुढच्या पंधरवड्यात आहे. चढ तुझा. उतार येसूचा. कबूल?"

हरबाने खाली घाटाकडे पाहिले. मग म्हणाला, "कबूल."

फाल्गुन शुद्ध सप्तमीला साळू डोलीत बसली. पडदा सोडला. आतून हुंदके ऐकू येत होते. चौघांनी दांडी उचलली. पहिल्या वळणावर पडद्याआडून आवाज आला, "आबा, जड होतेय का मी?"

"गप बस गं," हरबा म्हणाला. "बोललीस की वजन वाढतं."

आतले हुंदके थांबले आणि हसू आल्यासारखा आवाज झाला. मग ती पुन्हा रडू लागली. पुढून म्होरक्या ओरडला, "पायरी उंच!" आणि मागून हरबाने उत्तर दिले, "उंच!"

दारापासून खिंडीपर्यंत दांडीचे मागचे टोक हरबाच्या खांद्यावर होते. खिंडीत त्याने ते येसूच्या खांद्यावर दिले. तिथून सासरच्या वेशीपर्यंत तो डोलीच्या शेजारून चालत गेला.

तात्पर्य: चुकलेला दिवस भरून काढता येत नाही, त्याच्या पायी आजचा दिवस घालवू नये.